श्रीलंकेचा भात, युरियाची गोणी आणि तळ्यांची माळ

जून 2022 मध्ये श्रीलंकेच्या मंत्रिमंडळाने सरकारी कर्मचाऱ्यांना शुक्रवारची जादा सुट्टी द्यायचं ठरवलं. एक कारण उघड होतं, कामावर यायला पेट्रोलच मिळत नव्हतं. दुसरं कारण वाचताना मात्र पोटात कालवतं. पुढे अन्नाची टंचाई येणार आहे, तेव्हा त्या दिवशी घराच्या परसात काहीतरी पिकवा, असं सरकार आपल्या माणसांना सांगत होतं.

ज्या बेटावर दोन हजार वर्षांहून जास्त काळ तळी बांधून भात पिकवला जातोय, तिथली ही गोष्ट. आदल्याच वर्षी, 2021 मध्ये, तिथे 51 लाख टनांच्या आसपास भात झाला होता. 2022 मध्ये तो सुमारे 34 लाख टनांवर आला. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी, अन्न व कृषी संघटनेने आणि जागतिक अन्न कार्यक्रमाने, मिळून पाहणी केली. 63 लाख लोकांना, म्हणजे शंभरातल्या अठ्ठावीस जणांना, पुरेसं खायला मिळण्याची खात्री नाही, असं त्यांना आढळलं. सप्टेंबरात कोलंबोमध्ये खाण्यापिण्याच्या वस्तू वर्षभरापूर्वीच्या जवळजवळ दुप्पट भावाने विकल्या जात होत्या.

हे का घडलं याची दोन तयार उत्तरं फिरत असतात. एक म्हणजे सेंद्रिय शेतीने देश बुडवला. दुसरं म्हणजे सेंद्रिय शेती योग्यच होती, तिला विनाकारण बदनाम केलं. मला दोन्ही अर्धवट वाटतात. शेतीत अर्धवट उत्तराची किंमत उत्तर देणारा मोजत नाही, शेतकरी आणि त्याच्या घरातली मुलं मोजतात. म्हणून हा विषय मुळापासून, शांतपणे समजून घेऊ.

बेटाचं पोट

अन्नसुरक्षा म्हटलं की कोठारात धान्य किती आहे एवढंच डोळ्यांसमोर येतं. खरं तर चार गोष्टी जुळाव्या लागतात. अन्न असावं, ते घ्यायला लोकांच्या हातात पैसे असावेत, खाल्लेलं अंगी लागावं, आणि यंदा आहे तसंच पुढच्या वर्षीही असावं. बेटावरच्या देशाला याशिवाय बंदराकडे डोळे लावून बसावं लागतं. सीमेपलीकडून रातोरात ट्रक भरून आणायची सोय नसते. जे बाहेरून यायचं ते जहाजाने, आणि जहाजातला माल सोडवायला डॉलर लागतात. संकटाच्या काळात कोलंबोच्या बंदरात डाळ, साखर, तांदळाचे कंटेनर येऊन पडले होते आणि व्यापाऱ्यांना ते सोडवायला डॉलर मिळत नव्हते.

श्रीलंकेचं क्षेत्रफळ साधारण 65,600 चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या 2 कोटी 20 लाखांच्या आसपास. तांदूळ घरचा, नारळ घरचा. गहू मात्र तिथे पिकतच नाही आणि पाव रोजच्या खाण्यात आहे. मसुराची डाळ, जिला तिथे परिप्पु म्हणतात आणि जी गरिबाच्या ताटातही असते, ती बाहेरून येते. साखर आणि दुधाची भुकटी यांचाही मोठा भाग बाहेरचाच.

आता तो ‘घरचा’ तांदूळ जरा जवळून पाहू. तिथल्या जुन्या भाताच्या जाती, उदाहरणार्थ सुवासिक सुवंदेल किंवा लाल कालु हीनटी, उंच वाढायच्या. त्यांना जास्त खत घातलं की ताटं आणखी उंच व्हायची आणि लोंबीच्या भाराने आडवी पडायची. 1950 च्या दशकात एच-4 ही सुधारित जात आली. पुढे बाटलगोडा इथल्या भात संशोधन केंद्राने बुटक्या ताटाच्या ‘बीजी’ जाती दिल्या. या जाती जास्त नत्र (नायट्रोजन) पचवतात, त्याचे फुटवे करतात, फुटव्यांच्या लोंब्या करतात आणि उभ्या राहतात. 1962 पासून सरकार खतावर अनुदान देत आलं. 2005 नंतर तर भातशेतकऱ्याला 50 किलोची गोणी 350 श्रीलंकन रुपयांत मिळू लागली. उत्पादन वाढलं, आणि देश भाताच्या बाबतीत जवळपास स्वतःच्या पायावर उभा राहिला.

हे यश खरं होतं, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण नत्र देणारा युरिया सगळा आयात होत होता. म्हणजे ताटातला भात घरचा आणि त्या भातातलं नत्र मात्र जहाजातून आलेलं. तांदूळ आयात करायचं जवळपास थांबलं होतं, पण त्या तांदळाचं पोषण आयात होतच राहिलं. ही एक गोष्ट लक्षात घेतली की पुढचं सगळं कळायला सोपं जातं.

एका सहीने

गोटाबाया राजपक्षे 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. देशाची शेती दहा वर्षांत सेंद्रिय करायचं आश्वासन त्यांच्या जाहीरनाम्यात होतं. दहा वर्षं हा काळ विचार करण्याजोगा होता. त्यामागची एक चिंताही खरी होती. उत्तर-मध्य प्रांतात 1990 च्या दशकापासून भातशेतकऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा एक आजार पसरला आहे. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंडं निकामी होतात. याचं एकच असं कारण आजवर सिद्ध झालेलं नाही. पण कर्ता पुरुष डायलिसिसला लागलेलं घर शेतीतल्या रसायनांकडे संशयाने बघणारच.

मग दहा वर्षांचं काम काही आठवड्यांवर का आलं? तिजोरी रिकामी होत होती. 2019 च्या ईस्टरच्या बॉम्बस्फोटांनी पर्यटन मोडलं, त्याच वर्षाअखेर मोठी करकपात झाली, पाठोपाठ कोविड आला. 2020 मध्ये खताच्या आयातीवर सुमारे 26 कोटी डॉलर गेले होते. ते वाचवावेत असा मोह झाला. 6 मे 2021 च्या राजपत्राने रासायनिक खतं आणि कीटकनाशकं यांची आयात बंद झाली.

त्या उन्हाळ्यात तिथल्या एका संशोधन संस्थेने शेतकऱ्यांना फोनवरून मत विचारलं. निम्म्याहून जास्त शेतकरी सेंद्रिय शेतीच्या कल्पनेच्या बाजूने होते. फक्त, वर्षभराहून जास्त वेळ हवा, असं त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं होतं. ज्यांना अडाणी समजून निर्णय घेतला गेला त्यांनीच सगळ्यात शहाणं उत्तर दिलं होतं, आणि ते कोणी ऐकलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शरद ऋतूत धावपळ सुरू झाली. 20 हजार टन सेंद्रिय खत घेऊन चीनहून जहाज निघालं. नमुन्यांत पिकाला घातक जिवाणू सापडल्याचं सांगून श्रीलंकेने ते उतरवून घेतलं नाही, आणि वाद मिटवायला शेवटी 67 लाख डॉलर मोजले. भारतातून द्रवरूप नॅनो नत्र विमानाने आणलं. 24 नोव्हेंबर 2021 ला बंदी मागे घेतली, पण तोवर मोठ्या हंगामाची पेरणी बरीच उरकली होती. शिवाय जगात युरियाचे भाव चढले होते आणि देशाकडे डॉलर नव्हते. त्यामुळे बंदी उठली तरी बांधावर खत आलं नाही.

चहाचं उत्पादन 2021 मध्ये सुमारे 30 कोटी किलो होतं, 2022 मध्ये ते 25 कोटी किलोंवर आलं, जवळजवळ तीन दशकांतलं सर्वांत कमी. चहाच्या निर्यातीतून या देशाला त्या काळात वर्षाला सव्वाशे कोटी डॉलरच्या आसपास मिळत होते. तिकडे भारत आणि म्यानमारकडून तांदूळ घ्यावा लागला. पीक बुडालेल्या भातशेतकऱ्यांना सुमारे 20 कोटी डॉलरची भरपाई जाहीर करावी लागली. 26 कोटी वाचवायला निघालेल्या निर्णयाचा हिशेब असा फिरला. 2022 च्या घसरणीत डिझेलच्या टंचाईचाही हात होता, हे मात्र विसरू नये. पंप आणि ट्रॅक्टर बंद पडले की खत असूनही शेत थांबतं.

नत्राचा हिशेब

सेंद्रिय खताने भाताचं पोट का भरलं नाही? याला विचारसरणी नको, साधं गणित पुरेसं आहे.

हवेत 78 टक्के नत्र आहे, पण भाताला ते थेट घेता येत नाही. जमिनीत विरघळलेल्या रूपात ते मुळांशी यावं लागतं. हेक्टरी पाच टन भात यायचा तर दाणे आणि पेंढा मिळून पीक साधारण 100 किलो नत्र उचलतं. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे 100 किलो नत्रासाठी सव्वादोनशे किलोच्या आत युरिया, चार-साडेचार गोण्या. चांगल्या कंपोस्टात नत्र एक ते दोन टक्के. दीड टक्का धरलं तर तेवढ्याच नत्रासाठी साडेसहा टनांहून जास्त कंपोस्ट लागतं. श्रीलंकेत मोठ्या हंगामात सात लाखांहून जास्त हेक्टरवर भात असतो. गुणाकार केला तर एका हंगामासाठी 45 लाख टनांच्या वर कंपोस्ट हवं. देशाच्या वर्षभराच्या भाताच्या जवळपास येणारं हे वजन, तेही काही महिन्यांत तयार करून, वाहून नेऊन, खाचरात पसरायचं. एवढी गुरं नाहीत, एवढा पालापाचोळा नाही, एवढ्या ट्रॉल्या नाहीत.

आणखी एक अडचण आहे. कंपोस्टातलं नत्र बँकेतल्या मुदत ठेवीसारखं असतं. पहिल्या वर्षी त्याचा थोडा भागच पिकाला मिळतो, बाकीचं हळूहळू सुटत राहतं. दरवर्षी कंपोस्ट घालत गेलं की चार-पाच वर्षांनी जमिनीची ठेव वाढते आणि व्याज चांगलं मिळायला लागतं. बदलाला वेळ लागतो तो इथे. युरिया बंद आणि ठेव अजून साठलेली नाही, अशी मधली वर्षं उपाशी जातात. श्रीलंकेने त्या मधल्या वर्षांत पाऊल टाकलं आणि तेही सगळ्या देशाने एकदम.

तरीही पीक शून्यावर आलं नाही. जमिनीतला सेंद्रिय अंश, साचलेल्या पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ, पेंढ्याचे अवशेष यांतून भाताला काही नत्र मिळतच असतं. आणि याच गणिताला दुसरी बाजू आहे. पाणी साचलेल्या खाचरात फेकलेल्या युरियातलं साधारण 30 ते 40 टक्के नत्रच भाताला मिळतं. बाकीचं हवेत उडतं किंवा पाण्याबरोबर वाहून जातं. म्हणजे आयात केलेल्या गोणीतला निम्म्याहून जास्त माल वाया जातो. 26 कोटी डॉलरमधले पहिले डॉलर वाचवायची जागा खरं तर ही होती.

एल्लंगाव

आता मला ज्या गोष्टीबद्दल सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं तिच्याकडे येतो. टिकाऊ शेती ही श्रीलंकेला बाहेरून शिकवायची गोष्ट नाही. तिथल्या कोरड्या पट्ट्यात ती जमिनीवरच लिहिलेली आहे.

बेटाचा नैर्ऋत्य भाग ओला आहे, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. उत्तरेला, पूर्वेला आणि उत्तर-मध्य भागात पाऊस साडेसतराशे मिलिमीटरच्या आत, आणि तोही मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी या महिन्यांत. बाकीचे महिने ऊन आणि वारा. देशाचा बराचसा भात याच कोरड्या भागात पिकतो. ऑक्टोबरच्या सुमाराला सुरू होणाऱ्या मोठ्या हंगामाला ‘महा’ म्हणतात, मे महिन्यापासूनच्या धाकट्याला ‘यल’. यल हंगाम बहुतांशी साठवलेल्या पाण्यावर जातो.

हे पाणी साठवायला लोकांनी ओढ्यांच्या उतारावर एकाखाली एक छोटी मातीची तळी बांधली. तळ्याला सिंहलीत वेव म्हणतात, आणि अशा तळ्यांच्या माळेला एल्लंगाव. वरच्या तळ्यातून खाचरांना पाणी जातं, खाचरांतून निथळलेलं पाणी खालच्या तळ्यात येतं, तिथून पुढच्या खाचरांना. एकाच पावसाचं पाणी समुद्राला मिळेपर्यंत अनेक गावांचा भात भिजवतं. अशा हजाराहून जास्त माळा आणि त्यांत हजारो तळी आजही आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने या पद्धतीला 2017 मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली.

तळं म्हणजे बांध आणि पाणी, असं आपण समजतो. एल्लंगावात तळं हे एका मोठ्या रचनेचा मधला भाग आहे. वरच्या अंगाला, पाणी शिरतं तिकडे, झाडांचा पट्टा राखलेला असतो, गसगोम्मन. तो वारा अडवतो, म्हणून पाण्याची वाफ कमी होते. त्याला लागून गवताचा पट्टा, पेरहन. पेरहन म्हणजे गाळणी, आणि काम तेच, वाहून येणारी माती गवतात अडकते. त्याही वर छोटी डबकी खोदलेली असतात. गाळ तिथे बसतो, आणि जंगलातल्या जनावरांची तहान तिथेच भागते, त्यामुळे त्यांना गावाच्या तळ्यापर्यंत यावं लागत नाही.

बांधाच्या खालच्या अंगाला, बांध आणि खाचर यांच्या मधे, कट्टकडुव नावाचा झाडाझुडपांचा पट्टा असतो. बांधातून पाणी झिरपतं आणि सोबत क्षार आणतं. हे क्षार थेट खाचरात गेले तर काही वर्षांत जमीन खारवते. कट्टकडुवातली अर्जुन, मोह, केवडा यांची मुळं ते पाणी आणि क्षार आधीच शोषतात. उरलेलं खारट पाणी खाचरांच्या शेवटाला किउल एल नावाच्या चरातून बाहेर काढतात. किउल म्हणजे मचूळ. हजार वर्षं सिंचन होऊनही तिथली खाचरं पिकती राहिली, त्यात या पट्ट्याचा मोठा वाटा आहे. मोहाचा पाला खाचरात हिरवळीचं खत म्हणून तुडवायचीही रीत होती. पाणी, क्षार, गाळ, खत आणि जनावरं या सगळ्यांचा विचार एकाच आखणीत झालेला आहे.

मोठ्या तळ्यांत तर आणखी थक्क करणारं काम आहे. उंच बांधातून पाणी सोडताना दाबाने मोरी फुटू नये म्हणून बांधाच्या आत दगडी चौकोनी विहीर बांधत, बिसोकोटुव. पाण्याचा जोर तिथे मोडतो आणि मग ते शांतपणे पाटाला लागतं. पाचव्या शतकात धातुसेन राजाच्या काळात कला वेव तळ्यापासून अनुराधपूरपर्यंत 87 किलोमीटरचा पाट काढला गेला. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात किलोमीटरला जेमतेम दहा सेंटिमीटर उतार आहे. आजची मोजणीची यंत्रं घेऊनही तो साधायला कसब लागेल.

पण दगडामातीपेक्षा मला बेत्म जास्त मोलाची वाटते. बेत्म म्हणजे वाटणी. तळ्यात पाणी कमी असलं की गाव ठरवतं, यंदा सगळी खाचरं लावायची नाहीत. बांधाजवळची, पाणी पोहोचेल तेवढीच लावायची. मग ती खाचरं कोणाच्याही मालकीची असोत, त्या हंगामापुरती सगळ्या कुटुंबांत वाटून घ्यायची. ज्याची जमीन पाटाच्या शेवटाला आहे त्यालाही धान्य मिळतं. दुष्काळात एकाचं पीक भरघोस आणि दुसऱ्याची चूल थंड, असं होऊ न देणारी ही रीत आहे. अन्नसुरक्षेची आजची व्याख्या लिहिली जाण्याच्या कितीतरी आधी ती तिथल्या गावांनी आचरणात आणली होती.

ही व्यवस्था मोडली कशी, हेही पाहायला हवं. तळ्यांची डागडुजी राजासाठी करायच्या सक्तीच्या श्रमसेवेतून होत असे. 1832 मध्ये इंग्रजांनी ती सेवा रद्द केली. सक्ती गेली हे चांगलंच झालं, पण बांध दुरुस्त करायची दुसरी व्यवस्था उभी राहिली नाही. पुढे 1958 च्या कायद्याने पाण्याचं वाटप पाहणाऱ्या वेल विदाने या गावातल्या मानकऱ्याचं पद गेलं आणि समित्या आल्या. मग जमिनीची भूक वाढली तशी कट्टकडुव तोडून तिथे खाचरं झाली, गसगोम्मन विरळ झालं, तळ्यांत गाळ भरला. दुरुस्ती करतानाही एकच तळं सुटं धरून यंत्राने खोल खणलं किंवा त्याचा बांध उंच केला, की खालच्या तळ्याचं पाणी कमी होतं. माळेतला एक मणी ओढला तर दोरा ताणला जाणारच.

आता हे उमगून पूर्ण माळ धरून काम होतं आहे. अनुराधपूर जिल्ह्यातल्या कपिरिग्गम इथे तळ्यांबरोबर त्यांचे झाडांचे आणि गवताचे पट्टेही पुन्हा उभे करण्यात आले. 2017 पासून हरित हवामान निधीच्या मदतीने मल्वतु ओया, मी ओया आणि यान ओया या नद्यांच्या खोऱ्यांत गावतळी सुधारायचा मोठा प्रकल्प चालला. हवामान बदलल्यावर पाऊस उशिरा येतो आणि आला की कोसळतो. अशा पावसासाठी पाणी ठिकठिकाणी अडवणारी छोटी तळी एका प्रचंड धरणापेक्षा गावाच्या जास्त उपयोगी पडतात, असं मला वाटतं.

परसातलं भाताचं झाड

डोंगराळ कँडीच्या बाजूला घराभोवतीची बाग पाहिली तर ती जंगलच वाटते. वर नारळ, फणस, विलायती फणस. मधे जायफळ, लवंग, सुपारी, केळी. झाडांवर चढलेले मिरीचे वेल, खाली आलं, हळद, कंद. पानं पडतात, तिथेच कुजतात, माती उघडी पडत नाही म्हणून उतारावर धूप होत नाही. एक पीक गेलं तर दुसरं हाताशी असतं.

यातल्या फणसाला श्रीलंकेत फार मान आहे. तिथे त्याला ‘बत् गस’, भाताचं झाड, म्हणतात. कोवळ्या फणसाची भाजी पोलोस, जून गरे शिजवले की भाताच्या जागी जेवण, आठळ्याही खायच्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आर्थर डायस या स्वातंत्र्य चळवळीतल्या गृहस्थांनी देशभर फणसाची झाडं लावायची मोहीम काढली होती. लोक त्यांना प्रेमाने ‘कोस मामा’ म्हणजे फणसमामा म्हणू लागले. 2022 मध्ये तांदूळ परवडेना तेव्हा कितीतरी घरांनी फणसावर दिवस काढले. फणसाला आयात केलेलं खत लागत नाही आणि त्याची मुळं खोल जातात, त्यामुळे कोरडं वर्षही तो निभावतो. शंभर वर्षांपूर्वी लावलेल्या रोपाने असं एखादं वर्ष तारून नेणं, ही मला अन्नसुरक्षेची सगळ्यात समजणारी व्याख्या वाटते. शुक्रवारच्या सुट्टीत पेरलेली भाजी काही आठवड्यांत येईल, फणसाला वर्षं लागतात. म्हणून तो सुबत्तेच्या काळातच लावावा लागतो.

गोणी किती हलकी करता येईल

युरिया एकदम बंद करायचा नाही आणि कायम त्याच्याच भरवशावर राहायचं नाही, तर मधला रस्ता शेतात कसा दिसतो?

सुरुवात वाया जाणाऱ्या नत्रापासून. युरिया एकदम न टाकता लावणी, फुटवे आणि लोंबी धरण्याच्या वेळा साधून हप्त्यांनी द्यायचा. पानाचा रंग साध्या पट्टीशी ताडून, गरज असेल तरच पुढचा हप्ता. याला ना प्रयोगशाळा लागते ना मोठा खर्च.

मग पेंढा. भाताने जमिनीतून घेतलेल्या पालाशपैकी (पोटॅशियम) पाचातले चार भाग पेंढ्यात राहतात. मळणीनंतर तो जाळला किंवा शेताबाहेर गेला तर पालाश पुन्हा डॉलर देऊन आणावं लागतं. पेंढा खाचरातच पसरून चिखलणीत गाडला तर पालाशच्या आयातीला चांगली कात्री लागू शकते.

नत्रासाठी गिरिपुष्प. हे झाड श्रीलंकेत मिरीच्या वेलांना आधार म्हणून आणि कुंपणाला सर्रास लावतात. चहा, रबर, नारळ यांच्या पाठोपाठ चौथं मळ्याचं पीक असा दर्जा सरकारने त्याला दिला आहे. त्याच्या वाळलेल्या पाल्यात तीन ते चार टक्के नत्र असतं, कंपोस्टाच्या दुप्पट. बांधावर ओळीने लावलेली झाडं छाटून पाला खाचरात टाकला की काही गोण्या वाचतात. महा हंगामाची कापणी आणि यलची लावणी यांच्या मधल्या ओलीवर मूग घेता येतो. साठ-पासष्ट दिवसांत शेंगा, मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र, आणि आयात डाळीला थोडा तरी घरचा पर्याय.

स्फुरदाचा, म्हणजे फॉस्फरसचा, प्रश्न वेगळा आहे. अनुराधपूरजवळ एप्पावल इथे स्फुरदाच्या खडकाचा साठा 1971 मध्ये सापडला. तो खडक पाण्यात लवकर विरघळत नाही, म्हणून तीन-चार महिन्यांच्या भाताला उपयोगी पडत नाही. चहा, रबर, नारळ अशा वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या पिकांना मात्र चालतो. तो साठा एका परदेशी कंपनीला देऊन झपाट्याने संपवायचा बेत होता. स्थानिक शेतकरी कोर्टात गेले, आणि 2000 साली सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या पिढ्यांच्या हक्काचा विचार करून तो अडवला.

याखेरीज पिकलेलं ताटापर्यंत पोहोचायला हवं. भाजी आणि फळं पोत्यांत कोंबून ट्रकने नेताना चेंगरून, उन्हाने सडून जवळपास तिसरा हिस्सा वाया जातो असा अंदाज आहे. पोत्याऐवजी प्लास्टिकचे क्रेट एवढा बदलही खूप माल वाचवतो. आणि कोरड्या पट्ट्यात रात्रभर शेत राखावं लागतं ते हत्तींपासून. त्यावर गावांनी मिळून हंगामापुरतं विजेचं कुंपण उभारायचं आणि कापणीनंतर काढायचं, असे प्रयोग झाले आहेत. ते विस्ताराने सांगायचे तर वेगळा लेख लागेल.

2022 च्या उन्हाळ्यात भारताच्या कर्जावर 65 हजार टन युरिया आला, इतर देशांनीही खत दिलं, आणि 2023 मध्ये भात पुन्हा 45 लाख टनांच्या आसपास गेला. अन्नाची खात्री नसलेल्यांची संख्या त्या वर्षाच्या मार्चमध्ये 39 लाखांवर आली होती. 63 लाखांवरून 39 लाख, हा मोठा दिलासा, आणि तरीही 39 लाख.

श्रीलंकेच्या भातपट्ट्यात दर हंगामाआधी शेतकऱ्यांची एक सभा भरते. कन्न म्हणजे हंगाम, म्हणून ती कन्न सभा. तळ्यात पाणी किती आहे ते पाहून सरकारी अधिकारी आणि शेतकरी मिळून तारखा ठरवतात. पाणी कधी सोडायचं, पेरणी कधी, कोणत्या मुदतीची जात घ्यायची, बेत्म करायची का. तिथे आज पाण्याचा हिशेब होतो. त्याच बैठकीत नत्राचाही व्हावा असं मला वाटतं. गावात किती पेंढा गाडला गेला, बांधावर गिरिपुष्पाची किती झाडं छाटणीला आली, मूग किती खाचरांत निघाला, आणि हे सगळं वजा जाता यंदा गावाला युरियाच्या किती गोण्या लागतील. पहिल्या वर्षी शंभरातल्या दहा कमी झाल्या तरी चालेल.